जीपचा टप उतरवायचाय, पण छताला विचारलंत का?

प्रश्न: सप्रेम नमस्कार. आम्ही डेट्रॉइटजवळ नोव्हायला राहतो. गेल्या वर्षी चार दारांची जीप रँग्लर घेतली, हार्डटॉपवाली, म्हणजे कडक पण काढता येणाऱ्या टपाची. मे ते ऑक्टोबर टप काढून फिरायचं, हे घेतानाच ठरलं होतं. पण टप दोघांना उचलत नाही, आणि काढला तर ठेवायचा कुठे हाही प्रश्न आहे. म्हणून गॅरेजच्या छतालाच घरच्या घरी हॉइस्ट, म्हणजे वजन वर उचलायचं यंत्र, करायचा विचार आहे. मधोमध एका ट्रसमध्ये (छपराच्या लाकडी सांगाड्यात) आय-बोल्ट (डोक्याला कडी असलेला बोल्ट) मारायचा, त्याला ४४० पौंडांचा इलेक्ट्रिक हॉइस्ट टांगायचा, टपाला चार पट्टे बांधून वर घ्यायचा आणि जीप खालून बाहेर काढायची. टप दीडशे पौंडांच्या आतबाहेर, म्हणजे जवळजवळ तिप्पट मार्जिन आहे. मापं अशी: छत नऊ फूट, जीपचा माथा जमिनीपासून ७४ इंच, टपाच्या खालच्या कडेपासून रोल बारच्या (सीटांवरच्या पोलादी नळ्यांच्या चौकटीच्या) माथ्यापर्यंत २३ इंच. गॅरेज दोन गाड्यांचं, २२ फूट खोल, दार सात फूट उंच. ट्रस २४ इंचांवर एक, खालून ड्रायवॉल (जिप्समचे तक्ते).

बाबा सध्या सांगलीहून आमच्याकडे आले आहेत. त्यांचा उभा जन्म मशिन शॉपमध्ये गेला. ते म्हणतात, इलेक्ट्रिकचं खूळ सोड, चेनपुली लाव. इकडे बोटीच्या ट्रेलरचं हँड विंच, म्हणजे हाताने फिरवून दोर गुंडाळायचा रहाट, तेही स्वस्तात मिळतंय. बायको म्हणते, चार मित्रांना जेवायला बोलवा आणि हाताने उचला. कोणाचं ऐकू?

उत्तर: तुम्ही मापं पाठवलीत हे फार बरं केलंत, कारण निम्मं उत्तर त्यातच आहे. छत १०८ इंच, जीपचा माथा ७४. मधे उरले ३४. टप रोल बारच्या वरून सुटायला २३ इंच चढायला हवा, शिवाय जीप पुढे काढताना घासू नये म्हणून आणखी एक. म्हणजे उचललेल्या टपाचा माथा जातो ९८ इंचांवर, आणि छतापर्यंत राहतात १० इंच. या १० इंचांत आय-बोल्ट, हॉइस्टचं धूड, त्याचा हूक आणि चारही पट्टे एकत्र येतात ती कडी, असं सगळं बसलं पाहिजे. ते बसत नाही. नुसता हॉइस्ट आणि हूकच फूटभर जागा खातात. बाबांच्या चेनपुलीचंही तेच. एक टनाची चेनपुली पूर्ण आवळली तरी वरच्या हुकापासून खालच्या हुकापर्यंत साधारण फूटभर अंतर राहतंच. छत किती वजन धरेल हे विचारायच्या आधीच मधोमध टांगायचा बेत बाद झाला.

समजा, कुठून तरी आखूड हॉइस्ट आणलात आणि हूक टपाच्या दहा इंच वर बसवलात. मग पट्ट्यांचं काय होतं ते बघा. टपाची अर्धी रुंदी धरा ३० इंच. हूक दहा इंच वर, कड तीस इंच लांब. पट्टा जमिनीशी जेमतेम अठरा अंशांचा कोन करतो, म्हणजे जवळजवळ आडवाच. दोन्ही बाजूंना वजन प्रत्येकी ७५ पौंड असलं, तरी ते उचलायला त्या बाजूच्या पट्ट्यांत मिळून २३५ पौंडांच्या पुढे ताण येतो आणि त्यातले सव्वादोनशे पौंड टपाला आत दाबण्यात खर्ची पडतात. दीडशे पौंडांची वस्तू, आणि तिला दोन्हीकडून सव्वादोनशे पौंडांचा शिकंजा! टप फायबरग्लासचा आहे. पुढच्या सीटांवरची दोन सुटी पॅनलं काढल्यावर त्याची पुढची बाजू तशीही उघडी पडलेली असते, तिथे आडवा आधार नसतो. तडा गेला तर पहिला तिथेच जाईल. पट्टे साठ अंशांवर उभे असते तर हाच दाब ४५ पौंडांच्या आत राहिला असता. पण साठ अंश मिळवायला हूक टपाच्या वर सव्वाचार फूट लागतो, आणि तेवढी उंची तुमच्याकडे काय, बहुतेक घरगुती गॅरेजांतही नसते.

आता ते ‘तिप्पट मार्जिन’. ४४० पौंड हा हॉइस्टचा आकडा आहे. हॉइस्ट ज्याला टांगलाय त्याचा आकडा तुमच्या पत्रात कुठेच नाही. या हॉइस्टच्या खोक्यावर बहुतेक वेळा दोन आकडे असतात, तेही नीट बघत चला. मोठा आकडा हूकमधल्या कप्पीतून दोर परत वर नेऊन दुहेरी घेतला तरच लागू असतो. एकेरी दोरावर त्याच्या निम्मं.

तुमच्या छतातले ट्रस, म्हणजे आपल्याकडचे मिस्त्री ज्याला कैची म्हणतात त्या, बहुधा टू-बाय-फोरच्या, म्हणजे नावाला दोन बाय चार इंचांच्या लाकडाच्या, आहेत. कैचीचं वरचं अंग छपराचं वजन आणि मिशिगनचा बर्फ पेलतं. खालचं आडवं अंग ताणात राहून दोन्ही टोकं बाहेर पसरू देत नाही आणि फार तर ड्रायवॉल आणि इन्सुलेशन सांभाळतं. त्याच्या मधोमध काही लोंबकळावं असं ती आखणाऱ्या इंजिनिअरच्या डोक्यातही नव्हतं. अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत सामान न ठेवायच्या पोटमाळ्यासाठी चौरस फुटाला १० पौंडांचा भार धरतात, आणि तो भार पसरलेला असतो. एका आय-बोल्टखाली टप, हॉइस्ट, हूक, पट्टे मिळून दोनशे पौंड एका बिंदूवर येतात. ढोबळ हिशोब करून बघितला. सात फुटांच्या मोकळ्या भागाच्या मध्यावर दोनशे पौंड टांगले तर टू-बाय-फोरमध्ये नुसत्या वाकण्याचा ताण चौरस इंचाला १३०० पौंडांच्या वर जातो. नेहमीच्या बांधकामाच्या लाकडाची मर्यादा जवळपास तिथेच संपते, आणि त्यात कैचीचा आधीचा ताण अजून धरलेलाच नाही.

यावर तुम्ही म्हणाल, बर्फ पडतो तेव्हा टप जीपवरच असणार, दोन्ही भार एकाच वेळी येतात कुठे? मुद्दा रास्त आहे. छत त्याच दिवशी डोक्यावर येईल असं मी म्हणतही नाही. पण लाकूड उन्हाळाभर टांगलेल्या वजनाखाली हळूहळू झोल घेतं, सांध्यांवरच्या दातेरी पत्र्याच्या प्लेटा तसूतसूने सुटतात, आणि मग फेब्रुवारीत त्याच सांध्यांवर बर्फ येतो. शिवाय याच संहितेप्रमाणे नोंदणीकृत अभियंत्याच्या संमतीशिवाय ट्रसच्या कुठल्याही अंगाला भोक पाडायचं नाही, खाच घ्यायची नाही, कापायचं नाही. आय-बोल्ट म्हणजे भोकच.

बाबांना एक गोष्ट नक्की पटेल, त्यांनी विहिरीवर पाहिलेली आहे. कप्पीवरून दोर टाकून घागर ओढली की आडव्या लाकडावर एका घागरीचा भार येत नाही, दोन घागरींचा येतो. एक घागर, आणि ती तोलून धरायला आपण खाली ओढतो ती ओढ. गॅरेजात कप्प्या लावून दोर भिंतीवरच्या विंचला आणणारे बहुतेक जण हे विसरतात. चार कोपऱ्यांच्या चार कप्प्यांवर मिळून खाली दोनशे पौंड. चारही दोऱ्या जिथे एकत्र येऊन विंचकडे खाली वळतात त्या कप्पीवर पुन्हा दोनशे. ती शेवटची कप्पीही छतालाच ठोकली असेल तर छत दीडशे पौंडांच्या टपासाठी चारशे पौंड पेलत बसतं. ती भिंतीच्या माथ्यावर, आतल्या सरळ उभ्या लाकडावर, म्हणजे स्टडवर, बसवली तर तेवढा भार लाकडाच्या उभ्या अंगातून जमिनीत जातो. जागा दोन फुटांनी बदलते, छतावरचा भार निम्मा होतो.

मग करायचं काय? छताला हात न लावता जमिनीवर उभी राहणारी चौकट करा. फुटबॉलच्या गोलपोस्टसारख्या दोन कमानी. प्रत्येकीला दोन फोर-बाय-फोरचे खांब आणि वर जोडीने बोल्ट केलेल्या टू-बाय-एटची तुळई. एक कमान टपाच्या पुढच्या कडेच्या रेषेत, दुसरी मागच्या काचेच्या रेषेत. खांबांमधे आतून नऊ फूट ठेवा, जीप सव्वासहा फुटांच्या आसपास रुंद आहे. दोन्ही कमानी वरून टू-बाय-सिक्सने लांबीच्या दिशेने जोडा आणि प्रत्येक कोपऱ्यात पंचेचाळीस अंशांचा तिरपा टेका द्या. चौकट सहसा वजनाने मोडत नाही, ती डुलून मोडते. भिंतीकडचे दोन खांब स्टडना आडवे बोल्ट केलेत तर डुलणं आणखी कमी होईल.

टू-बाय-एटची खरी उंची सव्वासात इंच असते. तुळई छताला भिडवली तर तिचा तळ पावणेएकशेएक इंचांवर येतो. टपाचा माथा ९८ वर. पावणेतीन इंच मोकळे राहतात. म्हणून कप्प्या तुळईच्या खाली लोंबत सोडायच्या नाहीत. तिच्या उभ्या अंगावर, आरपार बोल्टने बसवायच्या, नुसत्या स्क्रूने नव्हे. आणि टपाच्या रुंदीइतक्याच अंतरावर, फार तर दोन इंच बाहेर. मग चारही दोऱ्या टपाच्या बाजूने सरळ खाली येतात. आत दाबणारा शिकंजा गेला, आणि मधला हूक गेल्यामुळे उंचीची अडचणही गेली. प्रत्येक दोरीला चाळीस-पन्नास पौंड, एवढंच काम उरतं.

एक सांगून ठेवतो. मधले दोन खांब तुमच्या दुसऱ्या गाडीच्या दाराच्या आड येणार, आणि त्यावरून घरात बोलणी बसणार. ते नकोच असेल तर दुसरा सरळ मार्ग म्हणजे ट्रसचे मूळ नकाशे मिळवा. बिल्डरकडे किंवा तुमच्या गावाच्या बांधकाम परवाना खात्यात ते सापडू शकतात. ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि पाच-सहा ट्रसवर आडवी तुळई ठेवून भार पसरवला तर चालेल का, हे त्याच्याकडून लेखी घ्या. चालेल म्हणाला तर खांबांचा खर्च वाचला. मीच इथे बसून ‘चालेल’ म्हणावं असं तुम्हाला वाटत असेल, तर ते मी म्हणणार नाही.

खांब कापायच्या आधी एक माप घ्यायचं राहून जातं. गॅरेजची जमीन दाराकडे उतरती असते, पाणी बाहेर जावं म्हणून. चारही खांब एकाच लांबीचे कापले तर तुळया तिरप्या बसतात. हे काम बाबांना द्या. ओळंबा आणि पाण्याची पातळी यांत त्यांना शिकवायला कोणी जाऊ नये.

आता दाराकडे या, कारण निम्म्या लोकांचा घरगुती हॉइस्ट तिथे अडतो. तुमचं दार सात फुटांचं. उघडलं की ते रुळांवरून आत सरकून छताखाली आडवं पडतं आणि गॅरेजची पुढची सात-आठ फूट जागा व्यापतं. जीप नाकाडाने आत घातलीत, जशी सगळे घालतात, तर टपाचा भाग, म्हणजे जीपची मागची बाजू, नेमकी त्या उघड्या दाराखाली येते. टप वर घेतला की दार उघडत नाही, आणि दार उघडलं की टप वर जात नाही. जीप आतच अडकली! तेव्हा जीप रिव्हर्समध्ये आत घ्यायची, स्टेपनी मागच्या भिंतीकडे. मग टप गॅरेजच्या खोल भागात वर जातो आणि दार मोकळं राहतं. फक्त मागचं फाटक बाजूला उघडायला जागा लागते, म्हणून भिंतीला अगदी चिकटवू नका. कमानींची जागा खडूने जमिनीवर आखायची ती जीप अशी उभी करून, दार उघडून आणि फाटक पूर्ण उघडून. दाराच्या वरची ती जाड पिळाची स्प्रिंग दिसते ना, तिच्या आसपास काहीही ठोकायचं नाही आणि तिच्या बोल्टला पाना लावायचा नाही. ती नेहमी पिळलेल्या अवस्थेत असते.

विंचबद्दल बाबांचं आणि तुमचं जे चाललंय त्यात निकाल बाबांच्या बाजूने, पण चेनपुलीच्या बाजूने नाही. चेनपुलीचा खरा गुण असा की साखळी सोडून दिली तरी वजन आहे तिथे राहतं, आतला ब्रेक ते धरतो. हातावर काम केलेल्या माणसाला तो गुण बरोबर आठवला. बोटीच्या ट्रेलरच्या स्वस्त विंचला तो गुण नसतो. त्यात खटका असतो, तो दातांत अडकलेला असेतोवर ठीक. खाली सोडताना खटका उचलावा लागतो, आणि त्या क्षणी सगळं वजन तुमच्या मनगटावर येतं. हात निसटला तर हँडल गरगर फिरतं, मनगट आणि दात दोन्ही जातात. बोट चढावावर ओढायला ते ठीक, वजन टांगायला नाही. तसं त्या विंचवर बहुधा लिहिलेलंही असतं, बारीक अक्षरात. तुम्ही ‘ब्रेक विंच’ मागा. हँडल सोडलं की जागच्या जागी थांबतं, खाली सोडायलाही उलटं फिरवावंच लागतं. टप, पट्टे आणि कप्प्यांचं घर्षण धरून दोनशेच्या थोडा वर भार येईल. पाचशे-सहाशे पौंडांचं घ्या आणि ते भिंतीच्या स्टडवर, छातीच्या उंचीला लावा, म्हणजे फिरवताना टपाखाली उभं राहावं लागणार नाही. इलेक्ट्रिक नकोच. दोन फूट उचलायला मोटर कशाला? सुरू होताना ती जो हिसका देते तो टपालाही नको आणि चौकटीलाही नको. शिवाय हाताने फिरवताना टप कुठे अडकला ते हँडलवर लगेच कळतं. मोटर अडकलेला टपही ओढतच राहते.

चारही दोऱ्या एका जाड कडीत आणा आणि कडी विंचच्या दोराला. कडी दोन फूट सरकली की चारही कोपरे दोनच फूट चढतात. त्यामुळे टप मागे जड असला तरी वाकडा होत नाही, आणि तो जड आहेच, मागची काच, वायपर, बिजागऱ्या सगळं तिकडे आहे. प्रत्येक दोरीत एक टर्नबकल (फिरवून दोरी घट्ट-सैल करायचा स्क्रू) ठेवा, पहिल्या दिवशी समतल करायला. दोर पॉलिएस्टरचा घ्या. नायलॉन ताणतो, चार दोर चार तऱ्हेने ताणले की टप वाकडा. कपडे वाळत घालायच्या दोरीच्या कप्प्या, किल्ल्यांना लावायचे हूक, नुसती तार वाकवून केलेले आय-बोल्ट यांतलं काहीही नको. ज्या वस्तूवर कामाच्या भाराचा आकडा कोरलेला किंवा छापलेला नाही ती डोक्यावर टांगायची नाही, एवढा एकच नियम दुकानात पाळा.

पट्टे कसे घालायचे यात एक गोम आहे. पुढचा पट्टा आडवा घालायचा, टपाच्या आतून, पण रोल बारच्या वरून. बारच्या खालून गेला तर वर ओढताना टप आणि बार दोन्ही एकत्र आवळले जातात, आणि आपण विंच फिरवत राहतो. पट्टा घातल्यावर एकदा त्यावरून बोट फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत जा, मधे बारची नळी आडवी येता कामा नये. पट्ट्याची टोकं दोन्हीकडे दारांतून बाहेर येतात, म्हणून मागची दारं बांधताना किलकिली ठेवायची. मागे पट्टे काचेच्या वरच्या चौकटीखालून बाहेर काढायचे आणि उचलायच्या आधी काच त्यांच्यावर हलकेच मिटायची. उघडी ठेवली तर ती वरच्या बाजूला उघडते आणि चढताना आधी तीच छताला लागते. दोन इंच रुंदीचे सपाट पट्टे, आणि जिथे ते टपाच्या कडेवरून वळतात तिथे जुन्या गालिच्याचा तुकडा.

उचलायच्या आधीची जीपची कामं मॅन्युअलमध्ये क्रमाने आहेत, ती इथे उतरवत नाही. दोन गोष्टी मात्र राहून जातात. मागच्या डाव्या कोपऱ्यात काचेच्या डिफॉगरची (काचेवरची वाफ घालवणाऱ्या तारांची) आणि वायपरची वायर, आणि तिच्याजवळच वॉशरच्या पाण्याची बारीक नळी. ही सोडवायला विसरलं तर टप सहा इंच चढेपर्यंत काही कळत नाही, मग कनेक्टर तुटल्याचा आवाज येतो. दुसरी, परत बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे लावून घ्या आणि मगच पाना. एक बोल्ट पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलात तर शेवटच्या बोल्टची भोकं जुळत नाहीत, आणि जबरदस्ती केली की आटे जातात.

चौकट झाली की तिला पहिल्यांदा टप दाखवायचा नाही. इथे काँक्रीटच्या ८० पौंडांच्या गोण्या मिळतात. तीन आणा. फळीवर घालून चार दोऱ्यांना बांधा आणि जमिनीपासून फूटभर उचला. २४० पौंड, टपाच्या दीडपटीहून जास्त. तुळईच्या मध्यावर छतापासूनचं अंतर पेन्सिलीने लिहून ठेवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी अंतर तेवढंच असलं, बोल्टांभोवती लाकूड दबलेलं नसलं आणि विंच एक दातही सरकलेलं नसलं तर टपाला हात लावा. गोण्या नंतर मागच्या अंगणातल्या कुंपणाच्या खांबांना होतील.

आणि उन्हाळाभर टप विंचच्या भरवशावर लटकत ठेवायचा नाही. वर गेला की चारही कोपऱ्यांना तुळईपासून वेगळे पट्टे किंवा साखळ्या लावा, आणि विंच थोडं सैल करून वजन त्यांच्यावर येऊ द्या. विंच उचलायला आहे, सांभाळायला नाही. खाली दुसरी गाडी लावायची की नाही ते तुम्ही ठरवा. सायकली आणि पोरांचं टेबल टेनिस मात्र दुसरीकडे.

राहिलं तुमच्या पत्नीचं म्हणणं, आणि ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं. वर्षातून दोनदाच, मेमध्ये काढायचा आणि ऑक्टोबरात बसवायचा असेल, तर त्यांचं बरोबर आहे. चार कोपऱ्यांना चार माणसं, प्रत्येकाला चाळीस पौंडांच्या आत. टप चाकाच्या गाडीवर भिंतीशी उभा. त्यात लाकूड नाही, विंच नाही, दुसऱ्या गाडीच्या दारात खांब नाहीत. हॉइस्ट करण्यात अर्थ आहे तो जुलैतल्या एखाद्या शनिवारी सकाळी एकट्याने टप काढावा आणि रात्री पाऊस येणार म्हणून परत चढवावा, असं जगायचं असेल तर. पत्रावरून तरी तुम्हाला तेच हवंय असं वाटलं. शिवाय बाबा इथे आहेत आणि त्यांच्या हाताला काम नाही. त्यांची ओढ मला यात दिसते, तुम्ही लिहिली नसली तरी. रँग्लरची जुळणी आता रांजणगावलाही होते हे त्यांना सांगा, या जीपबद्दल त्यांचं मत जरा मऊ होईल.

पण दोन्हीपैकी काहीही ठरवलंत तरी पहिल्यांदा टप माणसांनीच उतरवा. येत्या शनिवारी त्या चौघांना बोलवाच. टप कुठे घासतो, वर जाताना मागे किती सरकतो, कोणत्या कोपऱ्याला रबर चिकटतं, हे हाताला जे कळतं ते नंतर विंचवर कामाला येतं. खाली घेतला की दोन बाथरूमचे वजनकाटे आणा, प्रत्येकावर लाकडाचा ठोकळा आणि त्यावर उशी, एक पुढच्या कडेखाली, एक मागच्या. दोन्हींची बेरीज म्हणजे तुमच्या टपाचं खरं वजन, आणि दोन्हींतला फरक म्हणजे तो मागे किती जड आहे ते. बाबांना कागद-पेन्सिल द्या. ते दोन आकडे आणि दार उघडं असताना खडूने आखलेल्या जागेचा फोटो मला पाठवा, मग मागची कमान नेमकी कुठे उभी करायची ते सांगतो.